थोरला डबा, धाकटा डबा

गिटारचा आवाज ज्या लाकडी खोक्यातून बाहेर पडतो त्याला कारखानदार कॅबिनेट म्हणतात, आणि मराठीत त्याला पेटी म्हणावे तर आपल्याकडे त्या शब्दावर हार्मोनियमची वहिवाट इतकी जुनी आहे की गिटारवाल्याने तिथे हक्क सांगणे हे अतिक्रमणच ठरावे. म्हणून आमच्या वाद्यवृंदात, म्हणजे बोलीतल्या ऑर्केस्ट्रात, या वस्तूला पहिल्यापासून ‘डबा’ हेच नाव चालत आले. चार स्पीकरांचा तो थोरला डबा आणि एका स्पीकरचा तो धाकटा. या दोहोंपैकी कोणता बाळगावा या प्रश्नात माझी बारा वर्षे गेली, आणि त्यांतली सात वर्षे मी जो निकाल छातीठोकपणे सांगत फिरत होतो तो सदोष पुराव्यावर आधारलेला होता, ही कबुली आरंभीच दिलेली बरी.

दिवसा मी धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयात कारकून होतो. भाडेकरू आणि घरमालक यांच्या फिर्यादी, कैफियती, दरखास्ती आणि समन्सांची बजावणी यांत सायंकाळपर्यंतचा वेळ जाई. रात्री, आणि विशेषतः श्रावण सरल्यावर गणपती ते कोजागिरी या मोसमात, मी गळ्यात गिटार अडकवून मंडपामंडपांतून उभा असे. सुपारी ठरवणे हे आमच्या प्रमुखांचे काम, आणि ‘नाईट’ संपल्यावर हातात पडेल ती बिदागी निमूटपणे खिशात घालणे हे आमचे. त्या काळी कुठल्याही आळीत उभे राहिले तरी ‘दम मारो दम’ची फर्माईश चुकत नसे. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या त्या गाण्याच्या आरंभी भूपिंदर सिंग यांनी जी गिटार वाजवली आहे, ती ओळखण्यासाठी श्रोत्याला दोन स्वर पुरतात, आणि त्या दोन स्वरांत शिट्टी आली नाही तर पुढचे गाणे कितीही चांगले झाले तरी प्रमुख रात्रभर आपल्याकडे पाहत नाहीत.

आरंभीची काही वर्षे माझी गिटार साउंडवाल्याच्या भोंग्यांतूनच जात असे. भोंगा हा भाषणासाठी आणि आरतीसाठी निर्माण झालेला प्राणी. त्यातून गिटार वाजवली की पत्र्याच्या पन्हळीवर पाऊस पडल्यासारखे वाटते. म्हणून १९९४ साली, प्रवासी जहाजांवर वादन करून थकलेला एक गोवेकर गिटारवादक सासष्टीतल्या आपल्या गावी परत निघाला तेव्हा, त्याच्याकडचा ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि मार्शलचा चार स्पीकरांचा डबा मी हप्त्यांनी विकत घेतला. अडीच फूट रुंद, जवळजवळ तितकाच उंच, खोली फुटाहून थोडी अधिक, आणि वजन ३६ किलोच्या आसपास. आत सेलेशनचे बाराइंची चार स्पीकर, पाठीवर हिरवी टोपी असलेले, प्रत्येकी २५ वॅटचे. हा डबा गिरगावातल्या आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर चढवताना मी लाकडी जिन्याच्या पायऱ्या पहिल्यांदा मोजल्या. त्या ३८ भरल्या. पुढे त्या मोजाव्या लागल्या नाहीत, गुडघ्यांनीच त्या पाठ केल्या.

असा अवाढव्य डबा मुळात कोणाला लागला, हे समजून घेतल्याशिवाय त्याची निंदा किंवा स्तुती दोन्ही व्यर्थ आहेत. लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकाचे वाद्यांचे दुकान होते, आणि १९६२ च्या सुमारास त्या दुकानाने स्वतःचे अ‍ॅम्प्लिफायर बनवण्यास प्रारंभ केला. त्या दशकात सभागृहातली ध्वनिक्षेपणव्यवस्था केवळ गायकाच्या कंठासाठी असे. गिटारपुढे मायक्रोफोन ठेवण्याचा शिरस्ता पडलेला नव्हता, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्याची सारी जबाबदारी रंगमंचावरच्या डब्यावर येऊन पडे. १९६५ च्या ऑगस्टात न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे बीटल्सच्या गिटारी शंभर वॅटच्या व्हॉक्स अ‍ॅम्प्लिफायरांवर विसंबून होत्या, आणि त्या किंकाळ्यांत त्या स्वतः वादकांनाही धड ऐकू आल्या नाहीत. त्याच वर्षी ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंडने मार्शलकडून आठ स्पीकरांचा एकसंध डबा करवून घेतला. तो उचलणाऱ्या हमालांनी तक्रार केल्यावर त्याचे चार-चार स्पीकरांचे दोन डबे एकावर एक रचण्याची पद्धत निघाली, आणि रॉक संगीताच्या छायाचित्रांत दिसणारी ती काळी भिंत जन्माला आली. हमालांच्या तक्रारीतून निघालेली भिंत पुढे शौर्याचे प्रतीक व्हावी, हे मला नेहमी मोठे मौजेचे वाटत आले आहे.

थोरल्या डब्यापुढे मी पहिल्यांदा उभा राहिलो ती रात्र लालबागच्या एका मंडपातली. खालची तार मोकळी छेडताच विजारीचे पाय मागून हलले, फळ्यांच्या रंगमंचातून कंप टाचांपर्यंत आला, आणि आपण वाजवत आहोत यापेक्षा आपल्या पाठीशी कोणीतरी उभे आहे अशी भावना झाली. ती भावना खरी होती. पुढच्या साऱ्या हिशेबात मी ती विसरलो, हा माझा पहिला दोष. घरी सराव करताना तोच डबा मी अगदी हलक्या आवाजात लावी, तरीदेखील खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मांडणीवरील पितळी डबे खालच्या तारेला साथ करीत, आणि काकू छताला लाटणे लावून आपली हरकत नोंदवीत.

दुसरा अनुभव मात्र निराळा आला. दादरच्या शिवाजी मंदिरात एकदा आम्ही दुपारीच पोहोचलो होतो. प्रेक्षागृह रिकामे, माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाला मी गिटार वाजवीत बसवले आणि स्वतः खुर्च्यांमधून फिरू लागलो. डब्याच्या अगदी समोरच्या आसनावर आवाज सुईसारखा टोचत होता. तिथून आठ-दहा खुर्च्या बाजूला सरकताच तो आवाज जणू कोणीतरी घोंगडीत गुंडाळला, आणि भिंतीजवळ तर केवळ घुमारा उरला. रंगमंचावर मी जिथे उभा राहत असे तिथे डबा माझ्या गुडघ्यांशी बोलत असे, कानांशी बोलतच नसे. आपले कान सुखावेपर्यंत मी तीव्र सुरांचे बटण वाढवीत होतो आणि त्याची शिक्षा मधल्या रांगेतले निरपराध लोक भोगत होते.

याचे कारण गूढ नाही. बाराइंची स्पीकरचा हलणारा कागद सुमारे दहा इंच रुंद असतो, आणि ज्या स्वराची लहर त्या रुंदीइतकी किंवा तिच्याहून आखूड, तो स्वर पसरण्याऐवजी विजेरीच्या झोताप्रमाणे सरळ निघतो. ही हद्द साधारण १,३०० हर्ट्झपाशी लागते. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा, त्याची लहर चार मीटरांहून लांब. ती खांब, खुर्च्या आणि माणसे यांना वळसा घालून सर्वत्र जाते. पण स्वराला धार देणारा जो भाग दोन-तीन हजार हर्ट्झवर असतो तो झोतात सापडतो, आणि चार स्पीकर शेजारी शेजारी मांडले की तो झोत अधिकच अरुंद आणि चमत्कारिक होतो, कारण बाजूने ऐकणाऱ्याला चौघांचे आवाज किंचित मागेपुढे पोहोचून परस्परांना खोडतात. धाकट्या डब्यातही झोत असतोच. परंतु एकट्याचा असल्यामुळे तो कळतो आणि सावरता येतो. डबा खुर्चीवर ठेवून किंचित मागे कलता केला की त्याचे तोंड वादकाच्या कानाकडे होते, आणि वादकाला खरे ऐकू आले की श्रोत्यांवरचा निम्मा जुलूम आपोआप थांबतो.

आता १९९७ चा पावसाळा. एका कार्यक्रमात पाण्याची धार मंडपाच्या कापडातून नेमकी डब्यावर आली आणि एका स्पीकरचा कागद फाटला. मी तो स्पीकर एका कारागिराकडे दिला. त्याने नवा कागद आणि नवी कॉइल बसवून आठ दिवसांत परत केला, आणि मी जुन्या खुणेप्रमाणे, तांबड्या टिकलीला तांबडी तार, असा जोडून टाकला. डबा वाजू लागला. त्यानंतरच्या महिन्यांत मला वाटू लागले की थोरल्या डब्यात पूर्वीचा राम उरला नाही. खालच्या तारेचा तो टाचांपर्यंत येणारा कंप क्षीण झाला. मी कधी दमट हवेला दोष दिला, कधी स्पीकरांच्या वयाला, कधी स्वतःच्या वाढत्या वयाला. याच सुमारास जिन्यात भेटल्यावर काकू म्हणाल्या, “हल्ली शहाण्यासारखा वाजवतोस हो, माझे डबे वाजत नाहीत.” मी ती माझ्या संयमाची प्रशंसा समजून संकोचाने हसलो. न्यायालयात आयुष्य घालवूनही समोर चालून आलेला साक्षीदार मला ओळखता आला नाही.

१९९९ मध्ये मी धाकटा डबा करवून घेतला. अठरा मिलिमीटरचे मरीन प्लाय, सांध्यांना गोंद आणि स्क्रू, वरून काळे रेक्झिन, आणि आत सेलेशनचा ‘व्हिंटेज ३०’ हा एकच स्पीकर. त्याच्या नावातील ३० या आकड्याने फसू नये, तो ६० वॅट झेलतो. मागची बाजू मी एक-तृतीयांश उघडी ठेवण्यास सांगितली तेव्हा लालबागचे सुतार हातातली पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, “साहेब, फळीचे पैसे वाचवायचे असतील तर मी सोडतो, पण पाठीशिवाय कपाट करून दिलं तर लोक मला हसतील.” उघड्या पाठीमुळे आवाज मागेही पसरतो, ढोलकवाल्याला आणि कीबोर्डवाल्याला ऐकू येतो, मात्र मागून निघणारी लहर पुढच्या लहरीच्या उलट असल्यामुळे खालचे सूर काही अंशी एकमेकांना गिळतात, हे मी त्यांना समजावून सांगितले, त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही. सारा ऐवज साडेचौदा किलोंत बसला. एका हाताने उचलून मी तो ३८ पायऱ्या चढलो आणि वर पोहोचल्यावर मला बोलता येत होते.

आवाजाच्या बाबतीत धाकट्याने मला थक्क केले, आणि हे थक्क होणेही पुष्कळसे अज्ञानातून आलेले होते. डबा किती मोठ्याने वाजेल हे वॅटांवरून ठरत नाही, त्यातला स्पीकर मिळालेल्या शक्तीचे आवाजात किती रूपांतर करतो यावर ते अवलंबून असते. एक वॅट देऊन एक मीटरवरून मोजले तर माझे जुने हिरव्या टोपीचे स्पीकर ९८ डेसिबल देतात आणि हा नवा १०० देतो. फरक दोनचा दिसतो, पण तो भरून काढायला अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दीडपटीहून अधिक वाढवावी लागते. हा सारा तपशील मी वहीत उतरवला, दोन्ही डबे एका सभागृहात शेजारी ठेवून ऐकले, आणि खालच्या सुरांतसुद्धा थोरला धाकट्याच्या फारसा पुढे जात नाही असे आढळल्यावर निकाल लिहून टाकला: मोठा डबा म्हणजे केवळ डोळ्यांचा आणि पाठदुखीचा मामला.

परिस्थितीही माझ्या निकालाच्या बाजूने साक्ष देत गेली. एव्हाना सगळे साउंडवाले गिटारच्या डब्यापुढे मायक्रोफोन लावू लागले होते, बहुधा शूर कंपनीचा ‘एसएम ५७’, १९६५ पासून चालत आलेला. आणि हा मायक्रोफोन एका स्पीकरच्या कागदाला जवळजवळ नाक लावून बसतो, त्यामुळे थोरल्या डब्यातील चार स्पीकरांपैकी तिघे प्रेक्षागृहापुरते मुकेच असतात. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले शासनाने ठरवून दिलेले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत, आणि रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. आमच्या न्यायालयापासून हाकेच्या अंतरावर असलेले रंगभवन, जिथे १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’च्या रात्री थोरल्या डब्यांच्या रांगा लागत, ते याच शांतता क्षेत्राच्या कचाट्यात सापडून मुके झाले. वादक म्हणून मला हळहळ वाटली. शेजारच्या रुग्णालयातील खाटेवर पडून पाहिलेला माणूस म्हणून मला तो नियम पटला. दोन्ही एकाच वेळी वाटू शकते.

या सात वर्षांत माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला मी धाकट्या डब्याची दीक्षा दिली. स्टुडिओत तर लहान साधनांनी मोठी कामे झाल्याचे दाखले पुष्कळ आहेत, आणि ते मी वकिलाच्या तयारीने मांडीत असे. एका मुलाने माझ्या शब्दाखातर आपला उत्तम थोरला डबा कोल्हापूरच्या एका वाद्यवृंदाला विकला. माझा स्वतःचा मात्र चाळीच्या गॅलरीत, चादर पांघरून, वर्तमानपत्रांच्या रद्दीखाली उभा राहिला. विकायला मन होत नव्हते.

२००६ मध्ये, गणपतीच्या आधी, आमच्या नेहमीच्या साउंडवाल्याचा मुलगा तो भाड्याने न्यायला आला. तरुण माणूस, कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय ताब्यात न घेणारा. त्याने मागच्या फळीचे स्क्रू काढले आणि माझ्या पेडलमधली नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मागून घेऊन डब्याच्या तारेच्या दोन टोकांना क्षणभर टेकवली. चारही स्पीकरांचे कागद एकदम हलले. पण तीन पुढे गेले आणि एक मागे, आमच्याकडे आला. “काका,” तो म्हणाला, “हा एक उलटा आहे.” मी त्याला तांबडी टिकली दाखवली, तांबडी तार दाखवली. त्याने मान हलवली. कॉइल बदलताना आतली दोन टोके अदलाबदल झाली असली तर बाहेरची टिकली खोटी साक्ष देते, आणि ती नुसत्या डोळ्यांनी कधीच पकडता येत नाही.

त्या रात्री मी हिशेब मांडला. स्पीकर एकाच जातीचे धरले आणि एकूण शक्ती तीच ठेवून चौघांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो आणि प्रत्येकाचा हेलकावा एकट्या स्पीकरच्या निम्मा होतो. चार निम्मे मिळून दोन. म्हणून लांब लहरींच्या खालच्या सुरांत थोरला डबा धाकट्याच्या दुप्पट दाब निर्माण करतो, सहा डेसिबल अधिक. आता त्यांतला एक उलटा. तीन निम्मे पुढे लोटतात, एक निम्मा मागे ओढतो. बाकी उरतो एक. म्हणजे ज्या डब्याची मी धाकट्याशी तुलना केली आणि ‘फारसा पुढे जात नाही’ असा शेरा मारला, तो खालच्या सुरांपुरता चार स्पीकरांचा डबाच नव्हता. ३६ किलो वाहून मी एका स्पीकरची खर्जसाधना ऐकत होतो. श्रोत्यांना यातले काही कळणे शक्यच नव्हते. मायक्रोफोन एकाच स्पीकरशी बोलत असल्यामुळे त्यांच्या लेखी सारे यथास्थित होते.

बॅटरीची खूण पटली त्याच दुपारी आम्ही त्या एका स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल केली, फळी बसवली, अ‍ॅम्प्लिफायर जोडला, आणि मी खालची तार मोकळी छेडली. गॅलरीचे कठडे थरारले. खालून काकूंचा आवाज आला, आता बराच थकलेला, पण तितकाच स्पष्ट: “मांडणी हलली रे!” लाटणे लावण्याइतका हात वर जात नव्हता, एवढाच फरक.

मी निकाल फिरवला, पण पूर्णपणे नाही. थोरल्यावरचा खर्जाचा आरोप मागे घेतला. अरुंद झोत, जिना, टॅक्सीच्या टपावरून होणारी वाहतूक आणि मायक्रोफोनपुढे फुकट जाणारे तीन स्पीकर, हे आरोप मात्र सिद्धच राहिले. बंद सभागृहात मी आजही धाकटाच नेतो, कलता ठेवतो, आणि साउंडवाल्याच्या मायक्रोफोनवर विश्वास टाकतो. उघड्या मैदानात, जिथे मागे भिंत नसते आणि अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल हवेत विरतात, तिथे उघड्या पाठीचा धाकटा डबा वादकालाच पोरका करतो. तिथे थोरल्यासारखा सोबती नाही. माझा थोरला आता त्या साउंडवाल्याच्या मुलाकडे आहे, आणि त्याच्या भाड्याचे मला जे येते ते एका मोसमाच्या बिदागीहून कमी नसते. कोल्हापूरला गेलेला माझ्या शिष्याचा डबा परत मिळाला नाही. मी दोनदा विचारून पाहिले. तिथल्या मंडळींना तो फार आवडला आहे.

आपल्यापैकी कोणी वापरलेला चार स्पीकरांचा डबा घ्यायला जाणार असेल, तर खिशात नऊ व्होल्टची एक ताजी बॅटरी आणि एक पेचकस असू द्यावा, आणि मालक मागची फळी उघडू देत नसेल तर सौदा करू नये.